टायरच्या अंगावर लिहिलेलं कसं वाचायचं, खास कोकणात गाडी चालवणाऱ्यांसाठी

कुडाळ घ्या, कणकवली घ्या नाहीतर चिपळूण, टायरच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ह्यो टायर किती चालतलो?" आणि दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं, पन्नास हजाराला मरण नाही म्हणून. मग भावाची घासाघीस, चहा, आणि चार टायर गाडीला. टायरवर काय लिहिलंय ते कोणी वाकून बघतसुद्धा नाही.

किती चालणार हा प्रश्न वर देशावर एकवेळ ठीक आहे. आपल्याकडे जून लागला की सप्टेंबर संपेपर्यंत रस्ता धड सुकत नाही, घाटात डोंगरावरचं पाणी रस्त्यावरून आडवं वाहत असतं आणि वळणावर लाल माती वाहून आलेली असते, तर इथे पहिला प्रश्न पाहिजे की ओल्या रस्त्यावर हा टायर कसा थांबतो, दुसरा प्रश्न हा बनलाय कधी, तिसरा माझ्या गाडीचं भरलेलं वजन झेपेल का, आणि किती चालणार ते त्याच्यानंतर. या सगळ्याची उत्तरं बऱ्यापैकी टायरच्या अंगावरच असतात, फक्त ती सांकेतिक भाषेत आहेत. ती कशी वाचायची ते क्रमाने सांगतो.

दुकानात जायच्या आधी

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा आणि चौकटीच्या खांबावर बघा, तिथे एक स्टिकर असतो. त्यावर कंपनीने ठरवलेली टायरची साइज असते आणि हवा किती भरायची ते असतं, बहुतेक वेळा दोन आकडे, एक दोन-तीन माणसं असताना आणि एक गाडी पूर्ण भरलेली असताना. याचा फोटो काढून ठेवा. सध्या गाडीला जे टायर आहेत त्यांच्यावरून साइज सांगू नका, विशेषतः गाडी सेकंडहँड असेल तर, कारण आधीच्या मालकाने हौसेने काय बसवलंय काही सांगता येत नाही. स्टिकर उडालेला असेल तर मॅन्युअलमध्ये मिळेल.

साइजचा आकडा

अर्टिगासारख्या गाडीला १८५/६५ आर १५ असा टायर येतो आणि पुढे ८८ एच वगैरे असतं. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे ६५ मिलिमीटर नव्हे, इथे भलेभले फसतात, ते टक्के आहेत, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, साधारण १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आजकाल कारला सगळे तेच असतात. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात.

आता रुंद टायरची हौस. पोरांना गाडी रुबाबदार दिसायला रुंद आणि बुटका टायर पाहिजे असतो. सुक्या रस्त्यावर रुंद टायर चांगला वाटतोही, पण साचलेल्या पाण्यात तोच लवकर तरंगतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला ढकलावं लागतं. आणि भिंत बुटकी झाली की खड्ड्याचा दणका टायर खात नाही, सरळ रिम खातं. हायवे झाला असला तरी गावात वळल्यावर जो रस्ता लागतो तो आठवा आणि मग ठरवा. मी तरी कंपनीच्या साइजच्या बाहेर जाऊ नका असंच सांगतो.

लोड इंडेक्स, म्हणजे तो ८८

हा आकडा किलो नाही, कोड आहे. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. ८० म्हणजे ४५०, ८२ म्हणजे ४७५, ८४ म्हणजे ५००, ८५ म्हणजे ५१५, ८७ म्हणजे ५४५, ९१ म्हणजे ६१५, ९५ म्हणजे ६९०. आकडा चारने कमी दिसला तर वाटतं त्यात काय एवढं, पण ८८ च्या जागी ८४ घेतला तर प्रत्येक चाकामागे ६० किलो गेले.

गणपतीला गाडीत सात माणसं, टपावर बॅगा, आणि परत जाताना तांदळाचं पोतं, नारळ, सोलं, कोकमाच्या बाटल्या आणि आईने बांधून दिलेलं अजून काय काय. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. या वेळी लोड इंडेक्स कामाला येतो. आणि मेख अशी आहे की ते ५६० किलो पूर्ण हवेवर धरलेले असतात, साध्या टायरसाठी साधारण ३६ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप). हवा २६ वर आलेली असेल तर टायर ५६० किलोचा राहिलाच नाही, तो कमीच पेलणार आणि जास्त तापणार. म्हणून निघायच्या आधी स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा बघून हवा भरा.

काही टायरवर एक्सएल किंवा एक्स्ट्रा लोड लिहिलेलं असतं, तो त्याच साइजमध्ये जास्त वजन पेलतो पण त्यासाठी त्याला हवाही जास्त लागते, ४२ पीएसआयपर्यंत. नेहमीचीच हवा ठेवून एक्सएल घेतला म्हणजे आपोआप जास्त वजन चालेल असं नाही.

अजून एक, टायरच्या भिंतीवर मॅक्स प्रेशर म्हणून एक आकडा असतो. तो भरायचा आकडा नाही. टायरला सोसेल ती कमाल मर्यादा आहे. हवावाला पोरगा कधीकधी तो वाचून भरतो. आपला आकडा दरवाजाच्या स्टिकरवरचा.

स्पीडचं अक्षर

एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. (एच मध्येच कुठून आला विचारू नका, तो क्रमात बसत नाही हे खरंय.) लगेच कोणीतरी म्हणणार की आपण कुठे १९० ने चालवतोय, मग काय फरक पडतो. फरक असा की हे अक्षर वेगापेक्षा उष्णता सोसण्याबद्दल सांगतं, वेगात टायर तापतो आणि तापून त्याचे थर सुटू नयेत यासाठी आतली बांधणी तशी केलेली असते. एप्रिल-मेमध्ये भरलेली गाडी, हवा कमी, तापलेला रस्ता आणि सलग चार-पाच तास हायवे, तेव्हा वेग ९० असला तरी टायर तापतोच. म्हणून नियम साधा, कंपनीने टी दिला असेल तर टी किंवा वरचं अक्षर घ्या, खालचं नको.

आयएसआय मार्क

आपल्याकडे कारच्या टायरला बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे, २००९ च्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरपासूनची ही गोष्ट. कारच्या टायरसाठीचं मानक आयएस १५६३३. टायरवर आयएसआयची खूण, तिच्यावर हा नंबर आणि खाली सीएम/एल असं लिहून लायसन्स नंबर असतो. फोनमध्ये बीआयएस केअर ॲप टाका, त्यात लायसन्स तपासायची सोय आहे, नंबर टाकला की कुठल्या कंपनीला, कशासाठी लायसन्स दिलंय आणि ते चालू आहे का ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होतं. ओळखीच्या ब्रँडचा टायर अधिकृत दुकानातून घेताना हे नाही केलं तरी चालेल, पण कोणी "इम्पोर्टेड माल हा, अर्ध्या भावात देतंय" म्हणाला की आवर्जून करा.

फक्त एक लक्षात घ्या, आयएसआय म्हणजे पास झाला एवढंच. ३५ मार्कांनी पास की ९० मार्कांनी ते त्यातून कळत नाही. ते पुढच्या गोष्टींत कळतं.

बनल्याची तारीख

टायरवर डीओटी (अमेरिकेच्या वाहतूक खात्याची खूण) ही अक्षरं शोधा, त्यांच्यापुढे अक्षरं आणि आकड्यांची रांग असते आणि शेवटी चार आकडे लंबगोल चौकटीत. डीओटी नसेल तर नुसती ती लंबगोल चौकट तरी असतेच. ३५२४ असेल तर २०२४ सालचा ३५ वा आठवडा, म्हणजे ऑगस्टची अखेर. तीनच आकडे दिसले तर तो २००० सालाच्या आधीचा टायर, तिथून निघा.

बऱ्याचदा हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात. दुकानातल्या टायरला काही अडचण नाही, फिरवून बघता येतो, पण गाडीला लागलेल्या टायरची ती बाजू नेमकी आत असली तर फोनची टॉर्च लावून गाडीखाली डोकं घालावं लागतं, किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकांचं बघता येतं. चारही टायरची तारीख एकेक करून बघा. दोन २०२४ चे आणि दोन २०२१ चे अशी जोडी लावून देणारे महाभाग आहेत.

नवीन म्हणून घेताना किती जुना चालेल? सावलीत, नीट ठेवलेला वर्षभरापर्यंतचा टायर मला चालतो, त्याच्यापुढे मी दुसरा मागतो, किंवा भाव पाडून. टायर रॅकवर कसा ठेवलाय तेही बघा. आपल्याकडे काही दुकानांत टायर बाहेर शटरसमोर रचलेले असतात, सकाळी ऊन, दुपारी रस्त्याची धूळ, पावसात झड. तसा सहा महिन्यांचा टायर आत अंधारात ठेवलेल्या दीड वर्षाच्या टायरपेक्षा वाईट असू शकतो. आणि वापरायचा किती वर्षं? टायर कंपन्यांचं म्हणणं साधारण असं की पाच वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही उरलेली असो, काढा. काही गाडी कंपन्या सहा वर्षांचं सांगतात. खाऱ्या हवेच्या पट्ट्यात मी सहाच्या बाजूचा आहे.

हे मुद्दाम ताणून सांगतोय कारण कोकणात एक खास जात आहे, गावच्या घरी ठेवलेली गाडी. मुंबईकर चाकरमानी गणपती, शिमगा आणि मे महिन्यात येणार तेवढीच ती चालणार, बाकी वर्षभर मांगराच्या शेजारी पत्र्याखाली उभी. तिच्या टायरची नक्षी बघितली तर कालच बसवलाय असं वाटतं. पण भिंतीजवळ बसून बोटाने रबर जरा दाबून बघा, नक्षीच्या खाचांच्या तळाशी आणि भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा गेलेल्या असतात, वॉल्व्हच्या रबरालाही तशाच, आणि हवा अर्ध्यावर आलेली असते. एकाच जागी महिनोन्महिने उभी राहिल्याने खालचा भाग चपटा झालेला असतो, चालवायला घेतली की स्टिअरिंगला धडधड लागते, ती काही किलोमीटरमध्ये गेली तर ठीक, नाही गेली तर टायर गेला. अशा गाडीत सात जणांना बसवून आंबोली घाट उतरू नका. गावी जो कोणी गाडी बघत असेल त्याला सांगा की अधूनमधून गाडी वीतभर पुढेमागे कर आणि हवा भरून ठेव.

ओल्या रस्त्यावरची पकड

आता मुख्य मुद्दा. २०२२ साली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने टायरसाठी एआयएस-१४२ हे मानक लागू करायची अधिसूचना काढली, त्यात तीन गोष्टींच्या मर्यादा आहेत, रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर फिरताना किती ताकद खातो ते, ओल्या रस्त्यावरची पकड, आणि आवाज. म्हणजे पकडीची किमान अट आता आपल्याकडेही आली. पण पुन्हा तेच, किमान म्हणजे पास. दोन पास टायरमध्ये कुठला बरा, त्यासाठी युरोपचं लेबल कामाला येतं.

युरोपात टायरवर एक रंगीत लेबल असतं, मे २०२१ पासून त्यात ए ते ई असे पाच वर्ग आहेत. पंपाच्या चित्राखाली इंधनाची बचत, पाऊस आणि टायरच्या चित्राखाली ओली पकड, आणि खाली आवाज डेसिबलमध्ये. ओल्या पकडीचा वर्ग ठरवताना तो टायर एका ठराविक संदर्भ टायरशी तोलतात. संदर्भ टायर १ धरला तर १.५५ किंवा जास्त आला की ए, १.४० पासून बी, १.२५ पासून सी, १.१० पासून डी आणि त्याच्या खाली ई. ए आणि डी मध्ये केवढी दरी आहे बघा, आणि डी वालासुद्धा पासच.

हे लेबल आपल्या दुकानातल्या टायरवर नसणार बहुधा, पण आपल्याकडे मिळणारी बरीच मॉडेल्स युरोपातही विकली जातात. टायरचं पूर्ण नाव आणि साइज टाकून शोधलं तर वर्ग सापडतो. साइज तीच पाहिजे हं, एकाच मॉडेलच्या दोन साइजचे वर्ग वेगळे असू शकतात. आणि नाव तेच असलं तरी भारतात बनलेला टायर हुबेहूब तोच असेल असं धरून चालू नका, अंदाज म्हणून घ्या. टायरवर वर्तुळात ई आणि बाजूला आकडा दिसला तर ती युरोपीय मंजुरीची खूण, आकडा म्हणजे कुठल्या देशाने मंजुरी दिली तो, १ जर्मनी, ४ नेदरलँड्स. त्या नंबरच्या शेवटी एस, डब्ल्यू, आर अशी अक्षरं असतील तर आवाज, ओली पकड आणि रोलिंग रेझिस्टन्स तिन्हींत तो तपासला गेलाय.

या लेबलवरची पकड नव्या कोऱ्या टायरची असते. अर्धा झिजल्यावर काय, ते लेबल बोलत नाही. युरोपात २०२४ पासून झिजलेल्या टायरचीही ओल्यातली पकड तपासायचा नियम आलाय, आपण मात्र खाचांची खोली स्वतः बघायची.

अमेरिकेची तीन ग्रेड

बऱ्याच टायरच्या भिंतीवर ट्रेडवेअर ४००, ट्रॅक्शन ए, टेंपरेचर ए असं काहीतरी असतं, म्हणजे झीज, पकड आणि उष्णता. ही अमेरिकेतली यूटीक्यूजी पद्धत, आणि दुकानदार जे काही सांगतो ते बहुतेक यातल्या पहिल्या आकड्यावरून.

ट्रॅक्शनचे वर्ग डबल ए, ए, बी, सी. चाचणी अशी की ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर सरळ रेषेत, ताशी ६४ किलोमीटरला चाक जाम करून घर्षण मोजतात. डबल ए मिळायला डांबरावर ०.५४ च्या वर आणि काँक्रीटवर ०.३८ च्या वर पाहिजे, ए साठी ०.४७ आणि ०.३५. दोन आकड्यांत फरक बघितलात? त्या चाचणीच्या पट्ट्यांवर काँक्रीटची अपेक्षाच कमी ठेवलीय. आपला चौपदरी हायवे ६६ सिंधुदुर्गात बराचसा काँक्रीटचा आहे, म्हणून हे लक्षात राहिलं माझ्या. आणि ही चाचणी सरळ रेषेतली आहे, वळणावरची पकड आणि साचलेल्या पाण्यावर तरंगणं यात मोजलंच जात नाही. घाटासाठी ट्रॅक्शनचं अक्षर पुरेसं नाही ते यासाठी. पण बी दिसला तर मी घेणार नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

टेंपरेचरला ए म्हणजे ताशी १८५ च्या वर उष्णता सोसतो, बी म्हणजे १६० ते १८५, सी म्हणजे १३७ ते १६०. सी हासुद्धा तिथल्या कायद्याने चालतो. भरलेल्या गाडीने उन्हाळ्यात लांब जाणाऱ्याने ए बघावा, बी ठीक.

ट्रेडवेअर. इथे सगळ्यात जास्त गैरसमज. ४०० म्हणजे ४० हजार किलोमीटर असं छातीठोक सांगणारे आहेत, तसं काही नाही. अमेरिकेत टेक्ससमध्ये ठरलेल्या रस्त्यावर टायर ७,२०० मैल, म्हणजे साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास पळवतात, किती झिजला ते एका संदर्भ टायरशी ताडून बघतात, आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधतात. संदर्भ टायर १००, त्याच्या चौपट टिकेल असं वाटलं तर ४००. शिवाय ग्रेड कंपनी स्वतःच देते, एखादी कंपनी हात राखून देते, एखादी सढळ. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना बरी, दोन कंपन्यांमध्ये फारसा अर्थ नाही. आणि टेक्ससच्या सपाट रस्त्यावरची झीज कुंभार्ली घाटात आणि चिऱ्याच्या खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर कशी लागू पडणार?

साधारणपणे जास्त टिकणारं रबर कडक असतं आणि कडक रबर ओल्यात कमी धरतं. नवीन टायरमध्ये सिलिका वापरून हे बरंच सांभाळतात, त्यामुळे महागड्या टायरमध्ये दोन्ही मिळू शकतं, पण स्वस्तात ट्रेडवेअर ६०० दिसला तर मी खूश व्हायच्या ऐवजी ट्रॅक्शनचं अक्षर शोधतो.

स्टार

फ्रिजवर स्टार देणारी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी आता टायरलाही स्टार देते. ते मुळात इंधन बचतीचे, रोलिंग रेझिस्टन्सवरचे. चांगली गोष्ट आहे, पेट्रोल वाचतं, पण पाच स्टार दिसले म्हणून पावसात सगळ्यात भारी असा अर्थ काढू नका.

दोन टायर समोर ठेवून

समजा दुकानदाराने बरोबर साइजचे दोन काढले. पहिला ट्रेडवेअर ५४०, ट्रॅक्शन ए, टेंपरेचर बी, बनून चौदा महिने झालेत. दुसरा ट्रेडवेअर ३४०, ट्रॅक्शन डबल ए, टेंपरेचर ए, तीन महिन्यांपूर्वीचा, आणि चारशे रुपयांनी महाग. लोड इंडेक्स दोघांचा तोच. दुकानदार पहिला पुढे सरकवणार, "साहेब हा जास्त चालेल". वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर गाडी चालत असेल तर पहिला टायर झिजायच्या आधी म्हातारा होणार, मग ते जास्तीचे किलोमीटर कोणाला हवेत? दुसरा घ्या. रोज रत्नागिरी-चिपळूण करणारा असेल, वर्षाला चाळीस हजार, तर त्याचं गणित वेगळं, त्याने मधला बघावा, पण ट्रॅक्शन ए च्या खाली त्यानेही जाऊ नये. टूरिस्ट गाडीवाल्यांना हे पटत नाही, त्यांचा हिशोब मी समजू शकतो, पण मागे बसलेल्यांचाही एक हिशोब असतो.

बसवताना

दोनच टायर नवीन घेत असाल तर ते मागे लावा. हो, मागे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढे लावायची सवय सगळ्यांना आहे आणि दुकानातही वाद घालतील, पण पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर बहुतेक सावरता येते, मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि घाटाच्या वळणावर फिरलेली गाडी सावरायला जागा कुठे असते. टायर कंपन्याही हेच सांगतात.

भिंतीवर बाण असेल तर चाक त्याच दिशेला फिरलं पाहिजे, आउटसाइड लिहिलेलं असेल तर ती बाजू बाहेर. उलटा बसवला तर खाचा पाणी नीट बाहेर फेकणार नाहीत. वॉल्व्ह नवीन मागा, पन्नास-शंभर रुपयांची गोष्ट आहे आणि खाऱ्या हवेने जुना वॉल्व्ह आधी मरतो. रिमची कडा, जिथे टायर बसतो ती, तारेच्या ब्रशने साफ करून घ्या, समुद्राकाठच्या गाड्यांना तिथे गंज किंवा अलॉयला पांढरी पावडर धरते आणि मग पंक्चर नसताना हवा उतरत राहते, पंक्चरवाला बिचारा पाण्यात बुडवून बुडवून थकतो. किनाऱ्यावरून आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवायची सवय लावा.

नायट्रोजनसाठी जास्त पैसे मागितले तर तुमची मर्जी. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून एकदा टायर थंड असताना हवा बघणं त्याच्यापेक्षा कितीतरी कामाचं.

पाऊस लागायच्या आधी

कायद्याने कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. नव्या टायरची असते सात-आठ. खाचांच्या तळाशी अधूनमधून रबराचा छोटा उंचवटा असतो, भिंतीवर टीडब्ल्यूआय किंवा त्रिकोण दिसतो त्याच्या सरळ रेषेत, नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की १.६ आलं. पण माझं म्हणणं, आपल्या पावसासाठी ३ मिलिमीटर ही शेवटची रेघ धरा. खोली मोजायचं छोटं गेज ऑनलाइन स्वस्तात मिळतं, आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी मोजा, मध्येच झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला असेल तर हवा कमी, एकाच कडेला असेल तर अलाइनमेंट.

हवेचा आणि पाण्याचा संबंध किती आहे ते एका जुन्या सूत्रावरून कळतं, नासाच्या संशोधनातून आलेलं, विमानाच्या टायरवरून काढलेलं, त्यामुळे कारसाठी ढोबळच. पीएसआयचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). ३३ पीएसआयला येतात ताशी सुमारे ९६ किलोमीटर, २५ पीएसआयला सुमारे ८३. म्हणजे साचलेल्या पाण्यावर, खाचा पाणी काढू शकत नसतील तेव्हा, या वेगाच्या आसपास टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. हवा कमी तर ते आधीच होणार. हायवेवर दुभाजकाला लागून पाणी तुंबलेलं असतं त्या लेनमधून ९०-१०० ने जाणाऱ्यांनी हे दोन आकडे डोक्यात ठेवावेत. तिथे एबीएसही काही करू शकत नाही, टायर रस्त्याला टेकलेलाच नसतो.

भिंतीवर फुगा आलेला दिसला तर आतले धागे तुटलेत, तो टायर त्या दिवशीच काढा, दुरुस्ती नाही. भिंतीला पंक्चर असेल तरी तेच, पंक्चर फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागातलंच काढायचं. डायव्हर्जनच्या खडीवरून आणि कच्च्या चिऱ्यांच्या वाटेवरून आल्यावर आतल्या बाजूच्या भिंतीवर एकदा हात फिरवा, बाहेरून दिसत नाही तिथेच कापलेलं असतं.

आणि स्टेपनी. चार टायर नवे घेतले की जुन्यातला बरा स्टेपनीला जातो, किंवा गाडीबरोबर आलेली स्टेपनी तशीच डिकीत पडून असते, आठ-दहा वर्षांची, एकदाही न लागलेली, नक्षी कोरी. तिचीही तारीख वाचा, तिच्यातही हवा भरा, थोडी जास्तच, नंतर कमी करता येते. ती बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते, ती फक्त पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला असते. रात्री दहा वाजता कशेडीच्या अलीकडे पावसात चाक बदलायची वेळ आली आणि स्टेपनीत हवा नसली तर तिथे पंक्चरवाला काही उघडा मिळत नाही.